कोंडवाड्याचा गॅस

परभणी हे मोठं शहर आहे, हे नगरपालिकेत सतरा वर्षं नोकरी केल्यावर मला एका परिपत्रकावरून कळलं. साल एकोणीसशे ब्याण्णव, महिना जानेवारी. एक लाखाहून जास्त वस्तीच्या सर्व मोठ्या शहरांनी, पृथ्वीचं तापमान वाढवणारे वायू आपल्या हद्दीत कसे कमी करणार याचा आराखडा तातडीनं सादर करावा, असं वरून आलेल्या त्या कागदात म्हटलं होतं. लाखाची अट आम्ही केव्हाच ओलांडली होती. मुख्याधिकारी साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यात तिरकं ‘अनंतराव, योग्य ती कार्यवाही’ असं लिहिलं आणि ते दौऱ्यावर निघून गेले. अनंतराव म्हणजे मी. हेडक्लार्क. शहरात काहीही कमी करायचं किंवा वाढवायचं असलं की कागद माझ्याच टेबलावर येतो.

पाणीपुरवठ्याचे क्लार्क दिनकरराव कचेरीत माझ्या शेजारी बसतात आणि घरीही शेजारीच राहतात. त्यांनी तो कागद दोनदा वाचला. “पृथ्वी तापायली म्हणे,” ते म्हणाले. “परभणी तर मे महिन्यात चव्वेचाळीसला जाते. आपण यांच्या पुढंच आहोत की! कळवून टाका, आमच्याकडं काम पूर्ण झालंय.” दिनकररावांचे सल्ले असेच असतात. पाणीपुरवठ्यात राहून माणसाला फार गंभीर होऊन चालत नाही.

मी मात्र तो कागद घरी नेला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी माझ्या बायकोच्या, सुमंगलाच्या छातीला नळी लावून मला बाजूला बोलावलं होतं. “दमा औषधानं थांबायचा नाही,” ते म्हणाले. “घरातला धूर बंद करा. ओल्या लाकडांचा आणखी एक पावसाळा यांच्या छातीला झेपेल असं मला वाटत नाही.” मी म्हटलं, बंद करतो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की कसा, ते ठाऊक नाही. सिलेंडरसाठी नाव लावून पाच वर्षं झाली होती आणि आमचा नंबर अजून चार आकडी होता. रॉकेलच्या स्टोव्हनं तर ती चुलीपेक्षा जास्त कासावीस व्हायची. तेव्हा सरकारला शहराचा धूर कमी करायचा होता आणि मला एका घराचा. दोन्ही कामं एकाच फाइलीत बसतात, असं माझ्या कारकुनी डोक्यात आलं. खोटं कशाला बोलू, पृथ्वीची फिकीर मला दुसऱ्या नंबरावर होती.

आमच्या चार क्वार्टर्सच्या मागं नगरपालिकेचा कोंडवाडा आहे. गावातली मोकाट जनावरं तिथं कोंडतात, मालक दंड भरून सोडवून नेतो, आणि मागं उरतं ते शेण. दहाबारा जनावरांचं शेण रोज माझ्या खिडकीखाली सडत होतं आणि सतरा वर्षं मी फक्त खिडकी लावून घेत होतो. मी टिपणी लिहिली. उघड्यावर सडणाऱ्या शेणातून जो वायू निघतो, तो पृथ्वी तापवणाऱ्यांतला मोठा गुन्हेगार. तोच टाकीत धरून जाळला, तर तिकडं पृथ्वी थंड आणि इकडं भाकरी गरम. कोंडवाड्यात गोबरगॅसची टाकी बांधावी, चार क्वार्टर्सना नळीनं गॅस द्यावा आणि हा नमुना मोठ्या शहरांना दाखवावा. साहेबांनी दौऱ्यावरून येऊन सही केली. त्यांनी टिपणी वाचली असती तर सही केली नसती, असं दिनकरराव म्हणतात.

पहिली हरकत धुरपताबाईंनी घेतली. कोंडवाड्यातलं शेण उचलून गवऱ्या थापायचा ठेका त्यांच्या नावावर होता. त्या सरळ कचेरीत आल्या आणि टेबलावर शेणाचा हात आपटून म्हणाल्या, “शेण माझं हाय. कागुद मह्या नावचा हाय. तुमचा ग्यास गेला खड्ड्यात!” मी त्यांना समजावलं, की बाई, तो खड्ड्यातच जाणार आहे, योजनाच तशी आहे. पण कायद्यानं त्या खऱ्या होत्या. शेवटी टाकीत शेण कालवायच्या कामावर त्यांनाच नेमायचं आणि उरलेला काला खत म्हणून त्यांनीच विकायचा, असं ठरलं. माझ्या टेबलावरच्या फायलींवरून तो हाताचा ठसा अजून पुरता गेलेला नाही.

मग टाकीची लोखंडी टोपी. ती गंगाखेड रोडच्या कारखान्यात घडवून ट्रॅक्टरवर आली, आणि कोंडवाड्याच्या फाटकातून आत जाईना. फाटक बैलाच्या मापाचं, टोपी हत्तीच्या. भिंत पाडायला हवी. बांधकाम खातं म्हणालं, भिंत निजामाच्या वेळची आहे, मूळ नोंद दाखवा. नोंद उर्दूत निघाली. ती वाचायला एक म्हातारे पेशकार शोधून आणले, त्यांनी तीन दुपारी चहा पिऊन सांगितलं की ही नोंद भिंतीची नाहीच, विहिरीची आहे. मे महिना उजाडला. घरी सुमंगला चुलीपाशी खोकत होती आणि इकडं मी भिंतीला भिंत म्हणण्याचा पुरावा गोळा करत होतो. अखेर एके सकाळी मी तोंडी हुकूम दिला आणि भिंत पाडली. टोपी आत गेली. त्याच वाटेनं चौदा जनावरं बाहेर गेली. त्यांतल्या एका हेल्यानं, म्हणजे रेड्यानं, साहेबांच्या बंगल्यातली मोगऱ्याची सगळी रोपं तुडवली. माझ्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. तो मी दिला. सतरा वर्षांतला माझा पहिला खुलासा.

उद्घाटनाचं मी सांगणार नव्हतो, पण दिनकरराव सांगतातच, तेव्हा माझ्याकडून ऐकलेलं बरं. मांडव होता, बॅण्ड होता, नगराध्यक्ष होते. त्यांनी शेगडीशी काडी धरली. फुस्स झालं आणि काडी विझली. दुसरी विझली. सातव्या काडीला बॅण्डवाल्यांनी आपणहून वाजवणं बंद केलं. टाकीतला पहिला गॅस पेटत नसतो, तो सोडून द्यायचा असतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे माहितीपुस्तिकेत होतं, पण ती मी फाइलीला लावली होती. लोक पोट धरून हसले. आठवड्यानं धुरपताबाईंनी विडी पेटवायची काडी सहज शेगडीकडं नेली आणि निळी ज्योत भक्कन वर आली. “हे बगा, लागलं की!” असं म्हणून त्यांनी त्याच ज्योतीवर विडी पेटवली. खरं उद्घाटन ते.

सुमंगलानं त्या दिवशी चहा केला आणि शेगडीपुढं नुसती बसून राहिली. “धूर कुठंय?” तिनं विचारलं. मी म्हटलं, याला नसतो. ती म्हणाली, “बिनधुराचं पेटलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं हो.” पंधरा दिवसांत तिचा आवाज मोकळा झाला. महिन्यानं ती एकटी चालत बाजारात गेली आणि येताना पिशवी तिनंच आणली. डॉक्टरांनी नळी लावून मान हलवली, ती बऱ्या अर्थानं. मला त्या दिवसांत नगरपालिका, सरकार, परिपत्रकं, सगळ्यांबद्दल माया वाटायला लागली होती.

घात केला तो कार्यक्षमतेनं. कोंडवाड्याचं नाव झालं म्हणून साहेबांना हुरूप आला. त्यांनी दंड वाढवला आणि कोंडवाड्याचे जमादार मुंजाजी यांना सक्त ताकीद दिली. पोळ्याच्या आधी महिनाभरात गावातल्या लोकांनी जनावरं दारात बांधून टाकली. मोकाट जनावरांचा प्रश्न, जो निजामाला सुटला नव्हता, तो सुटला. कोंडवाडा ओस पडला. शेगडीची ज्योत चार बोटांवरून दोन बोटांवर आली, आणि एका सकाळी सुमंगलानं चुलीवरची राख झाडली. मी मुंजाजीला झापलं, तर तो म्हणाला, “सायेब, जनावरंच न्हाईत तर कोंडू काय? मला सोताला कोंडून घेऊ?”

त्यानंतर जे आम्ही केलं ते सांगताना मान वर होत नाही. चार क्वार्टर्समधल्या अब्रूदार बायका हातात शिळी भाकरी घेऊन गल्लीगल्लीतून गायींना चुचकारत फिरायला लागल्या. दिनकररावांच्या मंडळींनी एक भाकड गाय तर चक्क तिच्या मालकाच्या डोळ्यांदेखत आणली. त्यातच पत्र आलं. नमुना योजना पाहायला औरंगाबादहून समिती येणार, आणि समिती मंजुरी देईल तरच टाकी राहील. नाही तर टोपी, नळ्या सगळं उचलून दुसऱ्या शहराला द्यायचं. सोबतच्या तक्त्यात एक रकाना होता: ‘तपासणीच्या वेळी प्रत्यक्ष हजर जनावरे, किमान पाच’. तारीख होती ऐन पोळ्याची. औरंगाबादच्या कचेरीत पोळा कुणाला आठवला नसावा.

आमच्याकडं चार होती. दोन भाकड गायी, एक लंगडी म्हैस आणि तोच तो हेला. पाचवं जनावर मी आणलं. बाजारच्या दिवशी धान्याच्या मोंढ्यामागं एक गाडी सोडलेली होती. एक बैल चाकाला बांधलेला होता. दुसऱ्याची गाठ सुटली होती आणि तो दावं ओढत उभा होता. पांढरा, कपाळावर तांबडा ठिपका. मी इकडंतिकडं पाहिलं आणि खिशातला पेंडीचा तुकडा पुढं केला. तो माझ्यामागं आला. मधे दोनदा थांबून मागं वळून पाहिलं त्यानं, मग पुन्हा आला. मुंजाजीनं फाटक लावलं. पावतीपुस्तकात मी माझ्या हातानं लिहिलं: ‘एक बैल, मोकाट, बेवारस’. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

दोन दिवसांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलाचा मालक कोंडवाड्यापाशी आला. झरीचा आश्रुबा म्हणून म्हातारा शेतकरी. दोन दिवस रानोमाळ हिंडून त्याला आमच्या कोंडवाड्याचा पत्ता लागला होता. दंड भरायला तो तयार होता. मी म्हटलं, साहेबांची सही लागते, साहेब परवा येतील. साहेब कचेरीत बसून चहा पीत होते. माझ्या डोळ्यांपुढं तक्ता होता, तक्त्यापुढं चूल होती आणि चुलीपुढं सुमंगला. मी मनाशी म्हटलं, एका बैलाचा एक पोळा चुकला तर काय बिघडतं?

आश्रुबानं वाद घातला नाही. “बरं मालक,” तो म्हणाला. “पर आज खांदेमळणी हाय. खांदे तरी मळू द्या. आवतन द्याचं ऱ्हायलंय त्याला.” त्यानं कोपरीच्या खिशातून पळसाच्या पानाची पुडी काढली, तीत लोणी आणि हळद होती. मुंजाजीनं माझ्याकडं पाहिलं. फाटक उघडायला मी नाही म्हटलं, कारण उघडलं की बैल बाहेर येणार. मग आश्रुबानं गजांतून हात आत घातला. बैलानं त्याला ओळखून खांदा गजाला लावला. म्हातारा जमेल तेवढं मळत होता. दूरच्या खांद्याला हात पुरेना, तर बैल आपणच वळून उभा राहिला. आश्रुबा त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, “हरण्या, आज आवतन घ्या, उंद्या जेवाया या.” मग माझ्याकडं वळला. “मालक, आवतन देऊन बसलो. आता उंद्या त्यानं यावं कसं, तेवढं सांगा.”

हे सगळं सुमंगला मागच्या दारातून पाहत होती, हे मला ती कोंडवाड्यापाशी आल्यावर कळलं. चार पावलांत तिला धाप लागली होती. “बैल मोकाट होता का?” तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पावतीत तसं आहे. “पावतीचं न्हाई विचारायले. मोकाट होता का?”

मला राग आला होता. माणूस जिच्यासाठी अब्रू गहाण टाकतो, तिनंच भर चौकात जबाब घ्यावा, म्हणजे काय! मी हळूच म्हटलं, “अगं, उद्या पाच दिसली नाहीत तर टाकी जाते. तुला माहीत आहे ना डॉक्टर काय म्हणाले?”

“मला माहीत नसंल तर कुणाला माहीत असंल?” ती म्हणाली. “छाती माझी हाय. पण माझ्या छातीपायी यांचा बैल आवतन घेऊन उपाशी ठेवायचा असंल, तर तो गॅस मला नको. त्यावरचं अन्न माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. मुंजाजी, फाटक काढा.” मुंजाजीनं माझ्या हुकमाची वाट पाहिली नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा. हरण्या बाहेर आला, आश्रुबा सुमंगलाच्या पाया पडायला वाकला, ती “अहो बाबा, काय करायलात” म्हणत मागं सरली, आणि तिथंच फाटकाला धरून खोकत राहिली. मी पावतीपुस्तक हातात घेऊन उभा होतो. ‘बेवारस’ हा शब्द खोडला आणि बाजूला सही केली. दुसरं काही सुचलं नाही.

समिती दुसऱ्या दिवशी जीपमधून आली. ज्योत दोन बोटं पेटली, ती त्यांनी पाहिली नाही, कारण ते मोजत होते. दिनकररावांनी वेळेवर एक गाढव आणून बांधलं होतं. समितीच्या मोठ्या साहेबांनी तक्ता वाचून सांगितलं की जनावर म्हणजे गाय किंवा म्हैस या वंशाचं. गाढव वजा झालं. “बाकीची कुठं आहेत?” मी म्हटलं, पोळा आहे साहेब, गावात एकही बैल आज मोकळा नाही, सगळे घरी जेवतायत. “म्हणजे रजेवर,” ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी रकान्यात ‘चार’ लिहिलं. पंधरा दिवसांनी ट्रक येऊन टोपी घेऊन गेला. मधे बांधून काढलेली भिंत पुन्हा पाडली. या वेळी परवानगी कुणी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमंगलानं चूल पेटवली. लाकडं ओली होती. मी ओसरीवर पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर हातात होता आणि कान आत होता. खोकला सुरू झाला, वाढला, आणि एकाएकी थांबला. तो थांबला म्हणून मी घाबरलो. आत गेलो. आमच्या घराण्यात पुरुषांनी चुलीपाशी जायचा शिरस्ता नाही. लग्नानंतर इतक्या वर्षांत धूर चालू असताना मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. शहरभरच्या धुराचा आराखडा करणारा माणूस मी, आणि मला समोरचं काही दिसेना. ती पिठाच्या डब्याला टेकून बसली होती. ओठ काळेनिळे पडले होते. एक हात छातीवर होता आणि दुसऱ्यानं ती लाकूड पुढं सारत होती, कारण माझी कचेरी साडेदहाची.

मला रडू फुटलं. मी तिला धरून अंगणात आणलं, बाजेवर बसवलं आणि परत आत जाऊन चुलीपुढं मांडी घातली. जरा वेळानं तिचा बारीक आवाज आला, “अहो, काय करायलात? बाहेर या. लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, लोकांना लेखी कळवतो.

त्या दिवसापासून दोन्ही वेळची चूल मी पेटवतो. गल्लीत हसून झालं. दिनकररावांनी खिडकीतून डोकावून “अनंतराव, बदली झाली वाटतं?” असं विचारून घेतलं आणि पाणी तापवताना लाकडं कशी रचावीत याचा सल्ला दिला, जो चुकीचा निघाला. शहराचा धूर किती कमी झाला याचं स्मरणपत्र वरून दोनदा आलं. माहिती गोळा करणं चालू आहे, असं मी कळवलं.

महिनाभरानं एका सकाळी धुरपताबाई अंगणात येऊन टेकल्या होत्या आणि मी आत भाकरीशी झगडत होतो. बाहेर सुमंगला बोलत होती, “काय सांगू धुरपताबाई, यांनी पीठ मळलं तर ते हाताला, हाताचं कोपराला, कोपराचं चष्म्याला, आणि थापायला घेतली तर भाकरी परातीला सोडीना, मग उलथन्यानं खरवडून कशीबशी तव्यावर नेली तर निम्मी चुलीत अन् निम्मी मांडीवर, आणि वरून मलाच विचारायलेत, पापुद्रा आपोआप येतो का तो वेगळा लावावा लागतो म्हणून!”

धुरपताबाई मोठ्यानं हसल्या. मी हातातला गोळा तसाच धरून बसलो. एवढं सगळं ती एका दमात बोलली होती. मधे कुठं थांबली नव्हती, छातीला हात लावला नव्हता. तिनं आणखी बोलावं म्हणून पुढची भाकरी मी मुद्दाम बिघडवली.